नापास बादलीतला चहा

मिळाली! सुट्टी मिळाली! एकाच कागदावर दोन्ही साहेबांच्या सह्या, आणि त्याही एकाच पेनानं! ज्यांनी आमच्या कंपनीत नोकरी केलेली नाही, त्यांना यातलं नवल कळायचं नाही. म्हणून जरा दम घेऊन पहिल्यापासून सांगतो. खरं तर दम घ्यायची अजिबात इच्छा नाही, पण बायको म्हणते की मी आनंदात असलो की अर्धे शब्द गिळतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे काहीतरी वाईट घडलंय.

आमची कंपनी प्लास्टिकच्या बादल्या, टब आणि मग बनवते. मी तिथे मनुष्यबळ अधिकारी आहे. पद ऐकायला भारदस्त आहे हे मला मान्य आहे. बायकोला मान्य नाही. तिच्या मते ज्याला बाजारातली पिशवी वर आणायचं बळ नाही, त्यानं दारावर अशी पाटी लावू नये. पाटी मी तरीही लावली आहे.

कंपनीत माझी खोली बरोबर मधोमध आहे. डाव्या हाताला थोरल्या साहेबांची केबिन, उजव्या हाताला धाकट्या साहेबांची. दोघे सख्खे भाऊ, कंपनीचे अर्ध्या-अर्ध्या वाट्याचे मालक, आणि कित्येक वर्षं त्यांचा एकमेकांशी अबोला. कशावरून बिनसलं ते कुणालाच धड माहीत नाही. कुणी म्हणतं बादलीच्या कडीच्या रंगावरून, कुणी म्हणतं पार्किंगच्या जागेवरून. पण अबोला असला तरी कंपनी चालवायची म्हणजे निरोप आले, आणि निरोप म्हणजे मी. "त्याला सांगा, हिरवे मग बंद कर." मी उजवीकडे. "त्याला विचारा, का?" मी डावीकडे. "त्याला सांगा, खपत नाहीत म्हणून." मी पुन्हा उजवीकडे. असा मी दिवसभर कॉरिडॉरमध्ये असतो. माझे बूट इतके झिजले की मी कंपनीकडून नवे मिळावेत म्हणून रीतसर अर्ज केला. थोरल्यांनी लगेच मंजूर केला, म्हणून धाकट्यांनी नामंजूर केला.

आता सुट्टीचं. आमच्या लोकांचं नववर्ष कॅलेंडरच्या पहिल्या पानावर येत नाही. ते आपलं मधेच कुठेतरी, नेमकं कंपनीच्या मालमोजणीच्या आठवड्यात येतं. सुट्ट्यांच्या यादीत ते नाही, आणि यादी तयार करतो मी! स्वतःच्या हातानं दरवर्षी टाइप करायची आणि स्वतःचंच नववर्ष त्यात नाही, असं दुःख फार थोड्या लोकांच्या वाट्याला येत असेल.

तशी मला नव्या कपड्यांची हौस नाही, पाहुण्यांची तर नाहीच नाही. माझा जीव आहे तो आईच्या किटलीवर. वर्षाच्या पहिल्या सकाळी आई माळ्यावरची मोठी किटली काढते आणि वर्षभरात ज्यांचं ज्यांचं फाटलंय, त्या सगळ्यांना चहाला बोलावते. काका-काकू, मावशी, शेजारीपाजारी. सगळ्यांनी एकाच किटलीतला चहा प्यायचा आणि बोलतबोलत घरी जायचं. जुना अबोला नव्या वर्षात आणायचा नाही, हा तिचा नियम. माझ्या बाबांनाही यातून कधी सूट मिळाली नव्हती.

गेल्या वर्षी मी गोदामात बादल्या मोजत बसलो. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. किटली घासून पालथी घातलेली, आणि तिच्या शेजारी माझा कप, कोरडा. आईनं माझं ताट वाढलं. यंदा मात्र तिनं महिनाभर आधीच सांगितलं, "हे बघ, तू असशील तरच मी किटली काढणार. नाहीतर राहू दे. गुडघे दुखतात हल्ली. जगातली माणसं गोळा करायची आणि घरचंच नाही, मग करायचं कशाला?"

मी बाथरूममध्ये जाऊन उगीच तोंड धुतलं. यंदा सुट्टी मिळवायचीच असं तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्या साहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्या नववर्षाचा कंपनीला काय उपयोग?"

"साहेब, कंपनीनं शिकण्यासारखं त्यात पुष्कळ आहे."

"मग शिकवा. आमच्या कामाचा एक तरी धडा काढून दाखवा, मी सही करतो."

मी उड्या मारत उजवीकडे गेलो. धाकट्यांनी विचारलं, "त्यानं किती धडे मागितले?"

"एक, साहेब."

"मग मला दोन दाखवा."

घरी आल्यावर मी पाटी-पुस्तक घेतल्यासारखा बसलो. पहिला धडा चटकन सापडला. नववर्षाच्या आधी आपण घर झाडतो, अडगळ काढतो, तसंच कंपनीतही करावं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर सूचना लावली, 'नववर्षानिमित्त जुनं, झिजलेलं व निरुपयोगी सर्व काही कंपनीबाहेर काढण्यात येईल. निर्णय मनुष्यबळ विभागाचा राहील.' भाषा मला फार नेटकी वाटली होती.

त्यानंतरच्या सकाळी कंपनीतली झाडून सगळी ज्येष्ठ मंडळी केस काळे करून आली. गोदाम सांभाळणारे गोदामवाले, ज्यांना मी आजवर खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हटल्याशिवाय पाहिलं नव्हतं, ते जिना धावत चढले आणि वर पोचून माझ्याकडे बघत हसले. हसताना त्यांना धाप लागली होती. हिशेबनीस बाई निवृत्तीला टेकलेल्या, त्या पायात खेळाचे बूट घालून आल्या. दुपारी सगळ्यांच्या वतीनं एक शिष्टमंडळ माझ्या खोलीत आलं आणि कोणाकोणाला काढणार ते एकदा स्पष्ट सांगा म्हणालं. मी अडगळ म्हणजे मोडक्या खुर्च्या असं शपथेवर सांगितलं. गोदामवाल्यांनी केसांच्या रंगाचे पैसे मागितले.

दोन्ही साहेबांना हा धडा पसंत पडला नाही.

आता उरला दुसरा धडा, आणि तो तर माझ्या स्वयंपाकघरातच होता. किटली! कंपनीत कितीतरी जणांचे आपसांत अबोले आहेत. सगळ्यांना एके ठिकाणी बसवावं, एका किटलीतला चहा पाजावा, अबोले मिटवावेत! हे सुचलं तेव्हा मी दाढी करत होतो. उत्साहाच्या भरात अर्धीच दाढी करून बाहेर आलो. बायको म्हणाली, "कल्पना चांगली आहे. दाढी पूर्ण करा."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहतात. मला ते 'मनुष्यबळ' अशीच हाक मारतात. त्या दिवसांत त्यांचं आणि आईचं बोलणं बंद होतं, कारण आईच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या सकाळच्या पेपरवर ठिबकत होतं. त्यामुळे जिन्यातही निरोप्याचं काम माझ्याकडेच होतं. मी त्यांना माझी योजना ऐकवली. गुरुजींनी डोळे मिटून ऐकली.

"चांगली आहे, पण अर्धवट आहे," ते म्हणाले. "नुसता चहा पिऊन काय होणार? मनुष्यबळ, उत्तराला कारण द्यावं लागतं. कारण न देता लिहिलेल्या उत्तराला मी जन्मात गुण दिले नाहीत. प्रत्येकानं उभं राहून सांगावं, मी अमक्याशी का बोलत नव्हतो. कारणासहित दिलगिरी!"

कारणासहित दिलगिरी! मला शब्द भलतेच आवडले. नोकरीच्या प्रशिक्षणातही आम्हाला हेच शिकवलं होतं की प्रश्नाच्या मुळाशी जा. मी जिना चढतानाच भाषणाची जुळवाजुळव करू लागलो.

"कारण कशाला?" बायको म्हणाली. "घरी आईंच्या चहाला कोणी कधी कारण सांगतं का?"

"अगं, ते घर आहे. ऑफिसात शास्त्रशुद्ध करावं लागतं."

"मग करा शास्त्रशुद्ध," ती म्हणाली, आणि ज्या सुरात म्हणाली तो सूर मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

पहिली अडचण आली ती किटलीची. एवढ्या माणसांना पुरेल अशी किटली विकत घ्यायची तर हिशेबनीस बाईंची मंजुरी हवी. बाई म्हणाल्या, किटली ही वस्तू कायमची की वापरून संपणारी, ते आधी ठरवा. मी म्हटलं, किटली कायमची, चहा संपणारा. त्या म्हणाल्या, मग दोन वेगळे अर्ज करा. किटली विजेची असेल तर वायरमनचा दाखला, गॅसवरची असेल तर आगीच्या सुरक्षेचा दाखला. आणि तीन दुकानांतून भाव. मी भाव आणले. तोवर बाई रजेवर गेल्या. त्यांच्या जागी जे बसले होते त्यांनी सांगितलं की अर्जात 'किटली' असं लिहून चालणार नाही, कारण संगणकात तो शब्दच नाही, 'इतर भांडी' असं लिहा. 'इतर भांडी' लिहिलं तर संगणक विचारू लागला, कशापेक्षा इतर?

शेवटी गोदामवाल्यांना माझी दया आली. "किटली-बिटली सोडा," ते म्हणाले. "बादली देतो." आणि त्यांनी मला तपासणीत नापास झालेली एक निळी बादली काढून दिली. कडी जरा वाकडी होती, एवढंच. सोबत नापास मगही दिला. बादल्यांच्या कंपनीत एका भांड्यातला चहा म्हणजे बादलीतलाच चहा असणार, हे मला अगदी पटलं. एकीच्या भावनेला भांड्याचा आकार आड येत नाही, असं वाक्यसुद्धा मी भाषणात घातलं.

तो दिवस उजाडला! नववर्षाला थोडेच दिवस उरले होते. मी उपाहारगृहात बाकं गोलाकार मांडली, मधे स्टुलावर बादली ठेवली. उकळता चहा तीत ओतल्याबरोबर कढत प्लास्टिकचा असा काही वास सुटला की पहिल्या बाकावरची मंडळी मागच्या बाकावर गेली. दोन्ही साहेबांना मी आमंत्रण दिलं होतं. "तो येणार आहे का?" दोघांनीही विचारलं. मी खोटं बोलत नाही, त्यामुळे दोघेही आले नाहीत.

मी भाषण केलं. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," अशी सुरुवात केली. नियम समजावून सांगितला. ज्याच्याशी तुमचं बिनसलंय त्याच्यापुढे उभं राहा, कारण सांगा, दिलगिरी व्यक्त करा, त्याच बादलीतला चहा दोघं घ्या. कोणीच उठेना.  मी मगानं चहा ढवळला. डोळ्यांसमोर आईचा कोरडा कप दिसू लागला.

आणि हिशेबनीस बाई उठल्या! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्या थेट गोदामवाल्यांसमोर गेल्या.

"तुमच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी मला ताप आला नव्हता," त्या म्हणाल्या.

गोदामवाले हसत होते. हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं. "म्हणजे?"

"मी ठणठणीत होते. घरीच होते. कारण तुम्ही पत्रिका माझ्या हातात दिली नाहीत, बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवून निघून गेलात. कारणासहित दिलगीर आहे."

"अहो बाई, तुम्हाला ताप आहे म्हणून मी भर मांडवातून डबा पाठवला होता! मुलगी सासरी निघाली होती आणि मी तुमचा डबा भरत होतो!"

"तो मी खाल्ला. त्याबद्दल वेगळी दिलगिरी."

गोदामवाल्यांचा चेहरा त्यांच्या नव्या काळ्या केसांना शोभेनासा झाला. गंमत अशी की या दोघांचा अबोला कधीच नव्हता. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि रोज सकाळी गोदामवाले बाईंना "आता तब्येत कशी आहे?" असं प्रेमानं विचारत होते. त्या दिवसापासून विचारायचं थांबले.

"छान! फार छान!" मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मी एकट्यानंच वाजवल्या.

पण आता लोकांना धीर आला. स्वागतकक्षातली ताई उठली आणि यंत्रावरच्या काकांसमोर उभी राहिली. हे काका म्हणजे कंपनीतला सर्वांत सुखी माणूस. त्यांचं कुणाशी वाकडं नाही. सगळ्यांशी गप्पा मारतात, पुष्कळ मारतात.

"काका, तुम्हाला मी एक नाव ठेवलं होतं. त्याबद्दल सॉरी."

"अगं, त्यात काय!" काका खुशीत म्हणाले. "काय नाव?"

"गळका नळ."

"बरं बरं. पण तुझ्यापुरतंच ना?"

ताईनं हातातल्या रुमालाची घडी घातली. काकांनी मान वळवून सगळ्या उपाहारगृहाकडे पाहिलं. सगळं उपाहारगृह चहाच्या बादलीकडे बघू लागलं.

"सगळेच?" काकांनी विचारलं. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्हीसुद्धा?"

मी खोटं बोलत नाही हे मघाशी सांगितलंच आहे.

काकांचा आजवर कुणाशी अबोला नव्हता. आता एका क्षणात सगळ्या कंपनीशी झाला. ते तडक यंत्रांकडे गेले आणि त्यांनी सगळी यंत्रं बंद केली. इकडे मात्र माझ्यापुढे रांग लागली होती! हो, माझ्यापुढे! वाकून पाहिलं तर रांग थेट दारापर्यंत. मी भारावून गेलो. एवढ्या लोकांना माझ्याशी मिटवायचं होतं आणि मला पत्ताच नव्हता. मी टाय नीट केला.

"तुम्ही बोलायला लागलात की मी कानात कापूस घालते," पहिली म्हणाली. "कारण, तुम्ही थांबत नाही."

"मी तुमच्या खोलीचं घड्याळ पुढे केलं होतं," दुसरा म्हणाला. "कारण, तुम्ही लवकर घरी जावं."

"आम्ही पैज लावतो," तिसरा म्हणाला, "तुम्ही भाषणात 'एक कुटुंब' कितव्या वाक्यात म्हणणार यावर."

"आज कोण जिंकलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. तुम्ही पहिल्याच वाक्यात म्हणालात."

मला बसायला हवं होतं, पण बाकावर जागा नव्हती. दूरच्या कोपऱ्यात गोदामवाले आणि बाई यांची जुंपली होती, ताई रडत होती, कोणीतरी कोणाला तरी न सापडलेल्या छत्रीबद्दल जाब विचारत होतं. यंत्रांचा आवाज बंद झाला होता, आणि आमच्या कंपनीत यंत्रांचा आवाज बंद झाला की दोन्ही केबिनची दारं उघडतात.

उपाहारगृहाला दोन दारं आहेत. डाव्या दारातून थोरले साहेब आले, उजव्या दारातून धाकटे. दोघांनी एकदम विचारलं, "काय चाललंय काय?"

आवाज सारखाच. मला आजवर कधी लक्षात आलं नव्हतं.

"त्याला सांगा," थोरले मला म्हणाले, "हा सगळा त्याच्या लाडक्या अधिकाऱ्याचा उद्योग आहे!"

मी उजवीकडे धावलो, पण मधे भांडणं होती. अर्ध्या वाटेत धाकट्यांचा निरोप येऊन धडकला. "त्याला सांगा, ह्याला नोकरीवर त्यानं घेतलंय!" मी डावीकडे वळलो. कोणाचं कोणाला ऐकू जाईना. शेवटी थोरले बाकांच्या मधून सरळ धाकट्यांसमोर गेले आणि ओरडले, "मी नाही, तू घेतलंस ह्याला!"

"मी? मी नकोच म्हणत होतो!"

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तू बोलत होतास का?"

 हिशेबनीस बाईंचा हात गोदामवाल्यांच्या तोंडासमोर हवेतच राहिला.

"दिवसभर करतो काय हा माणूस?" थोरले माझ्याकडे बोट दाखवून धाकट्यांना म्हणाले. "बघावं तेव्हा कॉरिडॉरमध्ये!"

"तेच तर! मी पण तेच बघतोय! इकडून तिकडे, तिकडून इकडे! काही कामच नाही!"

 मी माझ्या बुटांकडे पाहिलं. दोन्ही बुटांतून मोजे दिसत होते. एवढा अपमान माझा सासुरवाडीतसुद्धा झाला नव्हता.

ओरडून थोरल्यांना ठसका लागला. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी बादलीत मग बुडवला आणि एक घोट घेतला. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "हा चहा आहे की आपला माल?"

धाकट्यांनी त्यांच्या हातातून मग घेतला आणि स्वतः एक घोट घेऊन पाहिला. "आपलाच माल. निळ्या रंगाची चव आहे."

"साखर तरी घाला रे कोणीतरी त्यात."

"साखर नको," धाकटे म्हणाले. "तुला बंद आहे ना, दादा?"

थोरल्यांनी मग परत घेऊन खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कोणी? तुझ्या केबिनमधनं बिस्किटांचा डबा तसाच परत जायला लागला, तेव्हा कळलं."

थोरले बाकावर बसले. मग ते जरा सरकले आणि म्हणाले, "बस." धाकटे बसले. एवढंच झालं. मला मात्र उकळ्या फुटत होत्या! हीच वेळ, आता फक्त कारण यायचं राहिलं होतं! मी पुढे झालो. "साहेब, आता दोघांनीही जर कारणासहित..."

हिशेबनीस बाईंनी त्यांच्या खेळाच्या बुटानं माझा पाय असा दाबला की पुढचं वाक्य मी गिळलं. दुसऱ्या बाजूनं गोदामवाल्यांनी माझा दंड धरला. दोघांनी मिळून मला भिंतीपर्यंत मागे ओढलं. "एक अक्षर बोलू नका," गोदामवाले कुजबुजले. मग बाईंना म्हणाले, "तुम्ही धरून ठेवा, मी दार लावतो." ती दोघं त्या मिनिटापासून पुन्हा बोलू लागली, हे मी नम्रपणे नमूद करतो.

संध्याकाळी मला थोरल्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. धाकटे पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते. मला वाटलं, संपलं. नोकरी गेली, सुट्टी गेली, किटली माळ्यावरच राहिली. आईला काय सांगायचं?

"तुमच्या त्या नववर्षाच्या दिवशी तुम्ही काय करता?" थोरल्यांनी विचारलं.

"आईबरोबर चहा पितो, साहेब."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"म्हणजे कंपनीत पाऊल टाकणार नाही?"

"नाही साहेब."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरल्यांनी माझा सुट्टीचा अर्ज पुढे ओढला, सही केली आणि पेन धाकट्यांकडे दिलं. "मालमोजणी पुढच्या आठवड्यात घ्या," धाकटे सही करताकरता म्हणाले. "सगळ्यांनाच सुट्टी द्या. लोकांनाही जरा आराम हवा यांच्यापासून." शेवटचं वाक्य मी कागदावर घेतलं नाही.

आणि नववर्षाच्या सकाळी आईनं किटली काढली! मी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावरून खाली दिली. काकू आली, मावशी आली, आणि खालून गुरुजी आले, घडी घातलेला पेपर काखेत घेऊन. आईनं पहिला कप माझ्यासमोर ठेवला, त्यातून वाफ येत होती. मग ती गुरुजींकडे वळली.

"साखर पुरे का?"

"अर्धा चमचा चालेल," गुरुजी म्हणाले.

कुंड्यांचं नाव नाही, पेपरचं नाव नाही. मी गुरुजींकडे रोखून पाहिलं. "कारण?" मी हळूच विचारलं. ते छताकडे बघत पुटपुटले, "आज परीक्षा नाही, मनुष्यबळ."

पाहुणे गेल्यावर मी आईला सगळी हकिगत सांगितली. ती इतकी हसली की तिनं पदरानं डोळे पुसले. "कारण सांगायला लावलंस? अरे वेड्या, सगळी कारणं काढत बसले असते तर तुझ्या काकूला मी या दारातून आत घेतलं असतं का?" मग तिनं माझा कप उचलून पाहिला, तळाला थोडा चहा होता, आणि न विचारता पुन्हा भरला. मला सांगता येणार नाही इतकं बरं वाटलं.

इथे खरं तर सगळं संपायला हवं. पण पुढच्याच आठवड्यात मालमोजणी झाली, आणि सुट्टीची कल्पना मुळात कोणाची यावरून दोन्ही साहेबांचं पुन्हा वाजलं. पुन्हा दोन्ही दारं बंद. आणि घरी आलो तर आईच्या कुंडीचं पाणी गुरुजींच्या पेपरवर! माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता पुढच्या वर्षीची सुट्टी कोण मंजूर करणार? आई गॅलरीत कुंड्यांना पाणीच घालत होती, मी तिच्यापुढे जाऊन कपाळाला हात लावला.

"सगळं फुकट गेलं, आई! चार दिवससुद्धा टिकलं नाही!"

"मग?" आई म्हणाली. "एकदा करून भागलं असतं तर हा दिवस दरवर्षी कशाला आला असता?" आणि तिनं उरलेलं पाणी शेवटच्या कुंडीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी मला बोलावलं. मी भीतभीत गेलो. "त्याला सांगा," ते कागदातून मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी चहा ठेवायचा असेल तर तो बादलीत नको."

मी कॉरिडॉर ओलांडून उजवीकडे गेलो, निरोप दिला. धाकट्यांनी टेबलाखालून एक खोकं बाहेर काढलं. आत नवीकोरी, चकचकीत, भली मोठी किटली होती.

"दादाला सांगा," ते म्हणाले, "किटली मी कालच आणलीय. आणि साखर वेगळी ठेवायला सांगितलीय."

मी धावत डावीकडे आलो. "साहेब, धाकटे साहेब म्हणतात, किटली त्यांनी कालच आणलीय, आणि साखर वेगळी..."

"तो जसं म्हणाला अगदी तसं सांगा," थोरले म्हणाले. "पहिल्या शब्दापासून."

"दादाला सांगा, म्हणाले."

थोरल्यांनी हातातला कागद खाली ठेवला. चष्मा काढला, तो पुसला, पुन्हा घातला.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.